मेल्विनच्या लग्नाची दाढी

पास्कल अंकलनी सेफ्टी रेझर परत ट्रेमध्ये ठेवला आणि डाव्या हाताने ट्रे माझ्याकडे सरकवला. चेहऱ्यावर साबणाचा फेस तसाच होता. आधीच्या खेपेलाही त्यांनी हेच केलं होतं.

"अंकल, यात वाईट काय आहे?" मी विचारलं.

"नाय," ते म्हणाले.

त्या वेळी त्यांच्याकडे मोजकेच शब्द उरले होते. त्यातला हा सगळ्यात स्वच्छ यायचा.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अंधेरीच्या एका हॉस्पिटलमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते. लोक आम्हाला फिजिओथेरपिस्ट समजत, काही जण सिस्टर म्हणत. फिजिओथेरपिस्ट हात हलता करतात. आम्ही त्या हाताकडून शर्टाची बटणं लावून घेतो. जेवण, आंघोळ, वेणी, दाढी अशी रोजची कामं माणसाला परत शिकवणं हा आमचा व्यवसाय.

पास्कल मरोळच्या जुन्या गावठाणातले. घरची शेती औद्योगिक वसाहतीत गेली आणि तिथल्याच एका कारखान्यात ते फिटर म्हणून लागले. निवृत्ती जवळ आलेली असताना त्यांना स्ट्रोक झाला. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, त्यामुळे शरीराची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाय बराचसा परत आला. काठी घेऊन ते चालायचे. उजवा हात मात्र मांडीवर पडून असे. त्यात थोडी हालचाल होती, पण हलवा म्हटलं की तो हलत नसे.

त्या दिवशी त्यांच्या पत्नी रोझी यांनी पिशवीतून टॉवेलची एक गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. आत वस्तरा होता. हाडाची मूठ पिवळी पडलेली, पातं लख्ख.

"त्याला हा पाहिजे, सिस्टर," त्या म्हणाल्या. "स्वतासाठी नाय. मेल्विनसाठी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मेल्विन हा त्यांचा एकुलता मुलगा. नाताळ झाल्यावर त्याचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या सकाळी न्हावी घरी येऊन नवऱ्या मुलाची दाढी करतो. पण त्यांच्या घराण्यात रीत अशी, की दोन्ही गालांवरचा पहिला हात बापाने फिरवायचा. हात म्हणजे वस्तऱ्याची एक ओढ. वस्तरा हाच. पास्कलच्या वडिलांनी पास्कलच्या लग्नात हाच वापरला होता. आता मेल्विनच्या काकाने ते करावं असं नातेवाइकांचं म्हणणं होतं.

"लोकांचं सोडा," रोझी म्हणाल्या. "बाप जिवंत असून काकानं केली तर हा चर्चला यायचा नाय. मी ओळखते त्याला."

पास्कल खिडकीबाहेर बघत होते. त्यांना सगळं समजत होतं. समजणं गेलेलं नव्हतं, फक्त बोलणं गेलं होतं.

गणपती नुकतेच होऊन गेले होते. वेळ होता, पण फार नाही.

इथे दोन हत्यारांतला फरक सांगायला हवा. सेफ्टी रेझरमध्ये ब्लेड दोन पट्ट्यांत दाबलेलं असतं आणि धार जेमतेम बाहेर डोकावते. गालाला ती किती तिरकी लागावी हे रेझरचं डोकंच बरंचसं ठरवतं. म्हणून एका हाताने काम करणाऱ्या पेशंटला आम्ही तोच देत असू. वस्तऱ्याला असा आडोसा नसतो. पातं गालावर जवळजवळ आडवं ठेवायचं, पाठ किंचित उचलायची. जास्त उचलली की कापतं, कमी उचलली की केस ओढले जातात. सगळा हिशेब मनगटात.

मी आमच्या विभागप्रमुख पाटणकर मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकेक बोट दुमडत म्हणाल्या, "स्ट्रोकचा पेशंट. डावा हात. उघडा वस्तरा. आणि गाल दुसऱ्याचा. बरोबर ऐकलं ना मी?"

"हो मॅडम."

"तुला येते वस्तऱ्याने दाढी?"

"मला कशानेच येत नाही."

"मग आधी तू शीक. जे स्वतःला येत नाही ते पेशंटला शिकवायचं नाही."

त्यांनी आणखी दोन अटी घातल्या. मुलाच्या गळ्याला वस्तरा लावायचा नाही, फक्त गाल. आणि पास्कलना आधी स्वतःच्या चेहऱ्यावर नीट जमलं पाहिजे, मग मुलाच्या. दुसरी अट आमच्या विभागाची सवयच होती. माणूस आधी स्वतःचं करायला शिकतो, मग दुसऱ्याचं. त्यात चुकण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनआधी पेशंटचे केस काढायला रघुनाथ नावाचा न्हावी होता. शिकवायला तो तयार झाला, पण चेष्टा करायचा हक्क राखून. त्याने मला एक फुगा फुगवून दिला, त्यावर फेस फासला आणि फुगा न फोडता फेस काढायला सांगितलं. दुपारच्या सुट्टीत आमच्या विभागातून फुगे फुटल्याचे आवाज यायला लागले. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टर विचारायला आल्या, तेव्हा रघुनाथने बाईंचा वाढदिवस आहे म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यातही त्याने तेच सांगितलं.

फुगे फुटायचे थांबल्यावर मी घरी, बोरीवलीला, नवऱ्याचा गाल मागितला. तो सेफ्टी रेझरवाला माणूस. रविवारी सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून तो बसला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. पहिल्या रविवारी तुरटी बरीच लागली. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं तर मांजर म्हणून सांगीन, असं तो म्हणाला. आमच्याकडे मांजर नव्हतं. नंतर जमू लागलं. ब्रश गोल फिरवून फेस दाट करायचा, गरम पाण्याने केस मऊ झाले की मगच पातं लावायचं, हाताने दाब द्यायचा नाही. वस्तऱ्याचं वजन पुरतं. आणि दुसरा हात रिकामा ठेवायचा नाही. त्याने कातडी ताणून धरायची. दाढीचं अर्धं काम तोच हात करतो.

पास्कलचा दुसरा हात मांडीवर पडलेला होता. स्वतःच्या गालापुरती त्यांनी त्यावर तोड काढली. जीभ आतून गालाला टेकवून ते कातडी ताणत.

सुरुवात आइस्क्रीमच्या काडीने केली. समोर आरसा, गालावर फेस, डाव्या हातात काडी. मग रघुनाथने एक जुना वस्तरा दगडावर घासून पूर्ण बोथट करून दिला. पास्कलनी धारेवर अंगठा फिरवून बघितला आणि स्ट्रोकनंतर मी त्यांना प्रथमच हसताना पाहिलं. फिटरच्या हातात कुणी मुद्दाम खराब केलेलं हत्यार दिलं होतं.

पुढे खरा वस्तरा आला. तो चामड्याच्या पट्ट्यावर परजावा लागतो, पाठ पुढे, धार मागे. पट्ट्याचं एक टोक मी खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं धरून उभी राहिले. नाताळचे कंदील दुकानांत दिसायला लागले, तोवर ते आरशात बघून डाव्या हाताने दोन्ही गाल स्वच्छ करू लागले होते. पाटणकर मॅडम एकदा दारात उभं राहून पूर्ण दाढी बघून गेल्या. ही त्यांची शाबासकी.

मग मेल्विनला बोलावलं. तो एका छापखान्यात मशीनवर होता, उंच, लाजाळू. वडिलांच्या समोर खुर्चीवर बसला. मी फेस लावला. पास्कलनी वस्तरा उचलला, हात पुढे नेला आणि हात गालापासून वीतभर अंतरावर थांबला.

त्यांनी परत सुरुवात केली. मनगट वळलं ते उलट्या बाजूला. पाठ खाली आणि धार कानाकडे. वेळेवर त्यांच्याच लक्षात आलं. कुणाला काही लागलं नाही. पण चूक काय झाली ते तिघांनाही दिसलं. इतके आठवडे त्यांचा हात स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरायला शिकला होता. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा उलटा असतो. त्याचा डावा गाल आपल्या उजव्या हाताशी येतो. निरोगी माणूस ते विचार न करता बदलून घेतो. पास्कलना प्रत्येक हालचाल मेंदूत नव्याने बसवावी लागली होती आणि आम्ही ती एकाच दिशेने बसवली होती. नव्याने दुसरी बसवायला तेवढे दिवस उरले नव्हते.

त्यांनी वस्तरा मांडीला टेकवून मिटला, टॉवेलात गुंडाळला आणि काठी घेतली.

त्यानंतरच्या दोन खेपांना ते आले नाहीत. मी मरोळला त्यांच्या घरी गेले. अंगणात मांडवासाठी बांबू येऊन पडले होते. पास्कल व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला बघितलं आणि मान फिरवली. वस्तरा कपाटात ठेवून दिलाय, काकाला सांगा म्हणून खूण केली, असं रोझींनी हळू आवाजात सांगितलं.

थोड्या वेळाने मेल्विन पाळी संपवून आला. हातांवर शाई तशीच होती.

"मी त्यांना बोललो, सिस्टर," तो म्हणाला. "नुसता गालाला लावल्यासारखा करू या वस्तरा. बँडवाल्यांना काय कळतंय?"

"नाय," पास्कल म्हणाले.

"बघा. हे असं."

तो दमला होता. बोलता बोलता वडिलांच्या खुर्चीखालच्या पायरीवर टेकला आणि डोकं मागे त्यांच्या गुडघ्यावर टाकलं. लहानपणापासून तो तिथेच बसत असावा, कारण दोघांपैकी कुणीही तिकडे लक्ष दिलं नाही. तेव्हा पास्कलचा उजवा हात मांडीवरून घसरला, मुलाच्या कानावरून खाली आला आणि जबड्याला धरून थांबला.

हाच हात हलावा म्हणून मी महिनोन्महिने लाकडी ठोकळे उचलायला लावत होते.

मी कुणाला हलू दिलं नाही. रोझींकडे आरसा मागितला. त्यांनी भिंतीवरचा काढून आणला. मी तो दोघांच्या समोर धरला. आरशात दोन चेहरे होते, एकाखाली एक, दोन्हींचं तोंड एकाच दिशेला. बापाचा डावा गाल जिकडे, तिकडेच मुलाचा डावा गाल.

"अंकल," मी म्हटलं, "ही तुमचीच दाढी आहे असं समजा. फक्त थोडी खाली आहे."

त्यांनी आरशात बराच वेळ बघितलं. मग डाव्या हाताची बोटं वस्तरा धरल्यासारखी केली आणि मुलाच्या गालावरून कानापासून हनुवटीपर्यंत फिरवली. बरोबर कोनात, बरोबर दिशेने.

उरलेले दिवस आम्ही तेच केलं. मेल्विन पाळीवरून यायचा आणि बापाच्या पायांमध्ये बुटक्या स्टुलावर बसायचा. आधी काडी, मग बोथट वस्तरा, मग खरा. उजवा हात जबड्यावर ठेवून दिला की तो तिथे राहायचा. कातडी ताणण्याइतका जोर त्यात हळूहळू आला. ठोकळ्यांसाठी तो कधीच आला नव्हता.

लग्नाच्या सकाळी मी गेले. पाटणकर मॅडमनी आपण येणार नाही, बघवणार नाही, असं आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्या माझ्याआधी येऊन बसल्या होत्या, कांजीवरम नेसून, पर्समध्ये ड्रेसिंगचं सामान घेऊन.

मांडवात बँडवाले चहा पीत होते. गावठाणातला न्हावी त्याची पेटी उघडून थांबला होता. काका आरसा धरून उभे राहिले. त्यांनी तो स्वतःहून मागून घेतला होता. रोझींनी गरम पाण्याचा टॉवेल मुलाच्या गालांवर दाबला, मी फेस लावला. पास्कलनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मुलाच्या जबड्यावर ठेवला. मग वस्तरा घेतला.

मेल्विन थरथरत होता. आधी कधी थरथरला नव्हता. फेसाखाली त्याची हनुवटी हलत होती आणि डोळे आरशात वडिलांवर होते. पास्कल थांबले. मॅडमनी पर्सची चेन उघडली.

पास्कलचे ओठ बराच वेळ जुळवाजुळव करत राहिले.

"हालू नको," ते म्हणाले.

दोन शब्द, एकामागोमाग एक. स्ट्रोकनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य. ते लहानपणी प्रत्येकाने ऐकलेलं असतं, केस कापताना, नखं काढताना, पायातला काटा काढताना. मेल्विन हलला नाही.

डाव्या गालावर एक हात, कानापासून हनुवटीपर्यंत. पातं टॉवेलाला पुसलं. उजव्या गालावर एक. केस कापले जाण्याचा बारीक खरखर आवाज सगळ्यांना ऐकू आला, एवढी शांतता होती. फेसात दोन स्वच्छ पट्टे पडले. रक्ताचा थेंब नाही. पास्कलनी पट्ट्यांवर अंगठ्याने चाचपून पाहिलं, फिटर जोड तपासतो तसं, आणि वस्तरा न्हाव्याच्या हातात दिला. उजवा हात मात्र त्यांनी काढला नाही. न्हाव्याने उरलेली दाढी तो हात सांभाळत केली. पास्कल चर्चला गेले, पहिल्या बाकावर बसले.

पाटणकर मॅडमनी परत येताना रिक्षात एवढंच विचारलं, की स्टुलाची उंची मोजून ठेवली आहेस का. मी ठेवली नव्हती. त्यांनी सांगितलं, पुढच्या वेळी मोज.

नंतर मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं. पेशंटला एखादं काम शिकवण्याआधी आम्ही त्याचा हात बघतो, बोटं बघतो, पकड बघतो. ते काम ज्याच्यासाठी करायचं तो माणूस नेहमी कुठे बसतो, हेही त्याच्या घरी जाऊन एकदा बघून यावं. खूप फुगे वाचतात.

माझा नवरा अजूनही सेफ्टी रेझरच वापरतो. मी शिकले तो वस्तरा घरात आहे. तो मला देत नाही.