कुमुदताईंचा कॉम्प्युटर हलणार नाही

उज्जैनला परतून देवास गेटला बसमधून उतरत होते, तेव्हा ह्यांचा फोन आला. "ताई गेली," एवढंच बोलले… सकाळी मी इंदूरला निघाले तेव्हा कुमुदताई, माझ्या थोरल्या नणंदबाई, कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. "तू जा, सुधा. माझा एक कोपरा भरायचा राहिलाय," म्हणाल्या. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. हीच आमची शेवटची भेट, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. त्या कामात होत्या.

कोपरा शब्दकोड्याचा. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यावर ताई दर रविवारी उज्जैनच्या मराठी घरांसाठी एक शब्दकोडं रचत. नातवंडांना मराठी वाचता यावं म्हणून सुरू केलेलं. पुढे त्यावरून आजोबाच जास्त भांडू लागले. मग कंपवातानं ताईंचे हात थरथरायला लागले, अक्षरं चौकोनाबाहेर जाऊ लागली, आणि ताईंना न विचारताच घरानं ठरवून टाकलं की आता हे बंद. ताईंनी ठरवलं की कॉम्प्युटर घ्यायचा.

कोणता घ्यायचा यावरून मात्र घरात रणधुमाळी. माझा मुलगा निनाद बंगळुरूहून टॅब्लेट पाठवायला निघाला होता. "आत्या, नुसतं बोट लावायचं, बस. लेटून पण बघता येतं." ह्यांचं मत लॅपटॉपला, कारण तो कपाटात ठेवता येतो. ताई फणकारल्या, "मला बघायचं नाहीये, करायचंय. आणि कपाटात का ठेवायचा? चोरून आणणार आहोत का?"

शेवटी फ्रीगंजमधल्या एका दुकानात आम्ही दोघीच गेलो. दुकानदारानं आधी टॅब्लेटच पुढे केला. ताईंचं थरथरतं बोट भलत्याच ठिकाणी लागलं आणि नको ते उघडत गेलं. लॅपटॉपची बटणं इतकी मऊ की एका 'क'ची रांगच उमटली. दुकानदार गोड आवाजात म्हणाला, "अम्मा, आप रहने दो, बच्चों से करवा लेना." माझं डोकंच फिरलं. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "भैया, हाथ काँपता है, दिमाग नहीं. ऐसी मशीन दिखाओ जो मेरी राह देखे."

मग आतल्या खोलीतून आला तो सुटे भाग जोडून केलेला जाडजूड डेस्कटॉप. मोठा पडदा, आणि जुन्या धाटणीचा कीबोर्ड; नीट दाबल्याशिवाय त्याचं बटण हलायचं नाही. ताईंनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि दाबलं. एकच 'क' उमटला… त्या माझ्याकडे बघून हसल्या. मला भर दुकानात रडू आलं.

घरी तो बैठकीत मांडला, अगदी दारासमोर. आलेगेले नाक मुरडायचे, एवढा मोठा डबा कशाला म्हणून. ताई त्यांना चहा द्यायला सांगायच्या आणि खटखट चालू ठेवायच्या.

रामघाटावरचे विधी उरकले, तेरावं झालं, आणि निनाद हळूच म्हणाला, "आई, हे आता हटवू या ना? तुला टॅब्लेट घेऊन देतो." प्रेमानंच बोलला तो. मी नाही म्हटलं. मला राग आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही. म्हाताऱ्या माणसाला काय झेपणार नाही, हे सगळ्यांना इतकं चटकन कसं कळतं?

सगळे गेल्यावर मी कॉम्प्युटर लावला. कोडं तसंच होतं, खालचा उजवा कोपरा रिकामा. मला टायपिंग येत नाही, एकेक अक्षर शोधावं लागतं. त्या बटणांना घाई नाही. कसाबसा कोपरा भरला आणि रविवारी कोडं मराठी घरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. लगेच एका आजोबांचा निरोप आला, "सात उभा चुकलाय. वहिनी, ताई गेल्या, आता राहू द्या की."

मी ताईंच्या खुर्चीत सावरून बसले, मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि एकेक अक्षर शोधून उत्तर लिहिलं, "दुरुस्त करतेय. वेळ लागेल. वाट बघा."