अध्यक्षांच्या लेकीचं कपाट

आमच्या गावात कारागिरीवर भाषणं करणारे ढीगभर, आणि रंधा हातात धरणारे शोधावे लागतात. भाषणवाल्यांचा म्होरक्या म्हणजे कपाटवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष आयुझावा. नदीकाठी त्याची भलीमोठी शोरूम, हात लोण्यासारखे मऊ, आणि तोंडात सतत 'लाकडाचा आत्मा'. लाकडाला खरंच आत्मा असता, तर त्याने पहिली थोबाडीत यालाच मारली असती.

रंधा धरणाऱ्यांतला एक होशिना तात्सुजी. त्याचीही आरती ओवाळायला मी बसलेली नाही. भुशाने छाती भरलेल्या कामगारांसाठी मी या गावात भांडते. मास्क घेऊन त्याच्या कारखान्यात गेले, तर दारातूनच ओरडला, "ओ युनियनवाल्या बाई, नाकाला फडकं बांधून लाकडाचा वास कसा घ्यायचा?" एवढं बोलायला त्याला तीनदा खोकावं लागलं. माणूस महाखडूस. दुपारचं जेवण म्हणजे भाताचा गोळा आणि मुळ्याचं लोणचं, तेही रंध्याच्या बाकाशी उभ्याउभ्या. कामगारांनीही तसंच खायचं. गिऱ्हाइकाला बस म्हणायची पद्धत नाही. मी एकदा म्हटलं, "जरा गोड बोललात तर धंदा वाढेल."

"माझं कपाट एकदाच परत येतं," तो म्हणाला. "नातीच्या लग्नाला, वरून रंधा मारून नवं करायला. तोपर्यंत गिऱ्हाइकाचं तोंड बघून मी काय करू?"

धंद्याबद्दल त्याचं ज्ञान इथे सुरू आणि इथेच खलास.

बर्फ वितळत होतं त्या दिवसांत मी पुन्हा मास्क घेऊन गेले होते. तेवढ्यात आयुझावा आला, बूट चकचकीत, चेहरा त्याहून.

"होशिनाकाका, आमच्या रिकाकोचं लग्न ठरलं! शरदात."

"छान. झाड कधी तोडलंत?"

"उद्याच तोडतोय!"

रंधा थांबला. मागचे दोन म्हातारे कामगारही थांबले.

मुलगी झाली की अंगणात किरीचं झाड लावायचं, आणि लग्नात त्याच झाडाचं कपाट तिच्याबरोबर पाठवायचं, ही आमच्याकडची रीत. पण किरीच्या पोटात कडू रस असतो. फळ्या पाडून वर्षानुवर्षं ऊन, पाऊस, बर्फ खात उघड्यावर उभ्या ठेवल्या, तरच तो उतरतो. नाहीतर कपाट पुढे काळंठिक्कर पडतं. म्हणून मुलगी मोठ्या शाळेत गेली की शहाणे बाप झाड पाडून ठेवतात. आणि हा माणूस, दरवर्षी संघाच्या मेळ्यात याच रीतीवर गळा काढणारा, स्वतःच्या लेकीचं झाड पाडायला विसरला होता!

"जमणार नाही," होशिना म्हणाला. "मुरलेलं लाकूड माझ्याकडे आहे, त्याचं करून देतो."

"छे छे, तिच्याच झाडाचं हवं. मेळ्यात टीव्हीवाले येणार आहेत. झाड पाडण्यापासून कपाटापर्यंत सगळं दाखवायचंय. वरून रंगाचा हात मारा. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय. माझा शिक्का लागतो त्यावर."

आयुझावाचा आवाज आणखी मऊ झाला. "काका, टोकियोच्या मोठ्या दुकानांना कारागिरांची यादी संघच पाठवतो. या वयात नाव गळालं, तर या दोघांना काय सांगाल?" त्याने हनुवटीने कामगारांकडे खूण केली, जसं काही जुनं सामान दाखवतोय.

नाव घालवायचं, की या दोघांचं पोट? होशिनाने रंध्याच्या पात्यावर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "पाठवा झाड."

आयुझावा गेल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले. "एवढा ताठा मला दाखवता, आणि त्याच्यापुढे शेपूट हलवलीत? थू!"

"मास्क ठेव तिथे आणि चालती हो," तो म्हणाला.

मास्क ठेव म्हणाला, हे घरी पोचल्यावर माझ्या डोक्यात आलं.

मेळ्यात कपाट उभं राहिलं. दिसायला देखणं. एक खण आत सरकवला की कोंडलेल्या हवेने वरचा आपोआप बाहेर यायचा, आणि टीव्हीवाले लहान पोरांसारखे खिदळायचे. शेवटी कारागिराने आपला तापवलेला लोखंडी शिक्का दाराच्या आतून मारायचा असतो. होशिना पुढे आला, हात रिकामे.

"हे कपाट सगळ्या गावाचं," तो मोठ्याने म्हणाला. "माझ्या एकट्याचा शिक्का कशाला? संघाचा मारा. अध्यक्षांनी स्वतः मारावा."

टाळ्या! आयुझावा बेडकासारखा फुगला. कॅमेऱ्याकडे बघत त्याने शिक्का दाबून धरला, वाकडाच. मला वाटलं, म्हातारा आता त्याचे पायच धुवायचा बाकी आहे. तिथून उठून गेले.

लग्न झालं. पुढच्या जूनचा पाऊस लागला आणि मार खाल्लेल्या अंगासारखे कपाटावर काळे वळ उठले. आयुझावाचा फोन आला तेव्हा मी कारखान्यातच होते.

"होशिना! तुझं कपाट काळं पडलं!"

"शिक्का कोणाचा आहे बघा जरा," होशिना म्हणाला आणि फोन ठेवला. मग एवढा हसला की खोकल्याने बाक धरावा लागला.

माझं हसू दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी रिकाको कपाट टेंपोत घालून स्वतः आली. "आजीच्या किमोनोला डाग पडले," ती म्हणाली. "काका, तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

होशिना टेंपोतलं कपाट उतरवायला लागला. दोन पुरुषांनी आपापली नाकं वर ठेवली आणि डाग पडले पोरीच्या कपड्यांवर. हे मी त्याच्या तोंडावर बोलले. पहिल्यांदाच त्याने मला चालती हो म्हटलं नाही.

त्याने कपाट फळी फळी सोडवलं, रंगाचा हात खरवडून काढला आणि फळ्या अंगणात उभ्या केल्या. "तुझी मुलगी शाळेत जायला लागली की ये. पुन्हा जोडून देतो."

"आणि मुलगा झाला तर?"

"तो काय नागडा फिरणार आहे?"

रिकाको हसली, थोडीशीच.

शिक्क्याची फळी त्याने रस्त्याच्या बाजूला उभी केली, शिक्का बाहेर करून. काळ्या वळांच्या मधोमध संघाचं नाव, वाकडं. आयुझावाने गाडी थांबवून काच खाली केली. "ती फळी आत घ्या!"

"कडू रस उतरायला वेळ लागतो, साहेब," होशिना मास्कमधून म्हणाला. "लाकडाला आत्मा असतो ना."

आयुझावाची गाडी हल्ली शोरूमला पुलापलीकडून वळसा घालून जाते.