पाणी भरेपर्यंत

सन्मतीचा फोन आला तेव्हा मी अंगणात दात घासत उभा होतो. सन्मती म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, निपाणीच्या आक्काचा मुलगा, नोकरीला पुण्यात. त्याचं नाव फोनवर दिसलं की एक वाक्य माझ्या तोंडात तयारच असायचं. त्यानं काही विचारायच्या आत मी फेसासकट ते ठोकून दिलं, "मशीन एकदम झकास चालतंय रं, कालच आक्कानं चादरी धुतल्या." पलीकडून तो म्हणाला, "मामा, आई गेली. पहाटे, झोपेतच."

गेलेल्या माणसाच्या वतीनं थाप मारणारा बेळगावात मी एकटाच असेन. पण ही थाप आम्हा बहीण-भावाच्या तोंडी कशी बसली, ते सांगायला हवं.

गेल्या पावसाळ्यात आक्का परड्यात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. सन्मती तिला पुण्याला न्यायला आला. आक्का हलायला तयार नव्हती. परड्यातली विहीर, चार पावलांवरचं देऊळ, भिंतीपलीकडची सुनंदाक्का हे सगळं सोडून तिला पुण्याच्या सातव्या मजल्यावर जायचं नव्हतं. शेवटी तह झाला. सन्मतीनं कपडे धुवायचं मशीन आणून बसवलं आणि बजावलं, "हे चालतंय तोवर इथं राहा. यातही अडचण आली, तर मी काही ऐकणार नाही." म्हणजे आक्काचं निपाणीत राहणं त्या मशीनवर येऊन ठेपलं. आणि हाताचं प्लास्टर निघायच्या आतच मशीन पाणी घेईनासं झालं.

मेकॅनिक सन्मतीच्या ओळखीचा. त्याला बोलावलं की बातमी पुण्याला पोचणार. म्हणून आक्कानं मला फोन केला. "बाबू, यंत्र पाणी घेईना. त्याला कळलं तर मला उचलून न्हेईल बघ. तू ये." मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. घरात मी बल्ब बदलायला घेतला तरी बायको मेणबत्ती शोधून ठेवते. पण आक्का 'तू ये' म्हणाली, आणि माझ्या अंगात इंजिनिअर संचारला. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि निदान केलं, की पाणी आत सोडणारा वॉल्व्ह गेला. नवा विकत घेतला आणि निपाणीच्या बसमध्ये तो मांडीवर, पेढ्यांचा पुडा धरावा तसा धरून बसलो.

पोचल्या पोचल्या मशीनचा पाइप सोडवला. तोटी बंद करायची राहिली होती. पाण्याचा फवारा माझ्या छातीवर, तिथून स्वयंपाकघरात. भिंतीपलीकडून सुनंदाक्कानं कानडीत विचारलं, काय झालं म्हणून. "एनू इल्ला," आक्का शांतपणे म्हणाली, काही नाही... आणि प्लास्टरचा हात तोंडावर धरून पाटावर बसल्या बसल्या हसत राहिली. मी मागचं झाकण उघडलं, जुना वॉल्व्ह काढला, नवा बसवला. मशीन नुसतं गुणगुणत राहिलं, आत थेंब नाही. पुन्हा पाइप सोडला, पुन्हा जोडला. तेच.

ऊन उतरायला लागलं, तशी आक्का उठली आणि घरातल्या नळांची फडकी सोडायला लागली. आम्ही जैन, आमच्या घरात न गाळलेलं पाणी वापरत नाहीत, म्हणून प्रत्येक नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. ते रोज सोडायचं, गाळलेल्या पाण्यात खळबळायचं आणि त्यातले जीव जगावेत म्हणून ते पाणी विहिरीत सोडायचं. हे सगळं ती एका हातानं करत होती. मशीनच्या नळापाशी आली आणि म्हणाली, "एवढा पाइप सैल करून दे रं. हात मोडल्यापासून ह्याचंच फडकं बदलायचं राहिलंय."

मी पाइप सोडला. फडकं हातात आलं ते पावसाळ्यात नळाला येणाऱ्या नदीच्या गढूळ पाण्यानं चिखलाची वडी झालेलं. तेच फडकं मी दुपारपासून दोनदा काढलं होतं आणि दोनदा, सुरकुत्या नीट करून, परत लावलं होतं. दुसऱ्या कुणालाही ते पहिल्या नजरेत खटकलं असतं. मला नळाला फडकं नसतं, तरच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असतं. आक्कानं फडक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "शाळेत पोरं लई हुशार असतील तुझी," एवढंच म्हणाली.

नवा वॉल्व्ह तसाच राहिला. तो काढून जुना बसवायचं धाडस माझ्यात नव्हतं. धुतलेल्या फडक्यातून पाणी सुरू झालं, पण अगदी बारीक धारेनं. दर रविवारी फडकं धुऊन बसवायला मी निपाणीला जाऊ लागलो. मशीन भरायला बराच वेळ लागायचा. तोवर आम्ही दोघं मोरीपाशी पाट टाकून बसायचो. आक्का बोलायची. आमच्या वडिलांची, आप्पांची तंबाखूची वखार, त्या वासानं मला लागायच्या शिंका, सुनंदाक्काच्या नातीला आलेलं स्थळ... विषय रंगात आला की मशीन भरायचं आणि घरघरायला लागायचं. ती त्याच्याकडं रागानं बघायची. तिचं मनगट केव्हाच बरं झालं. त्याच हातानं मी येईपर्यंत डबाभर लाडू वळून ठेवायची, पण पाइपला हात लावला नाही. "ते तेवढं तूच कर," म्हणायची.

आक्काचे दिवस झाल्यावर घर आवरताना मी सन्मतीला खरं सांगायला घेतलं. त्यानं मला पुरतं बोलूच दिलं नाही. "मामा, सुनंदाकाकूंनी मला त्याच दिवशी फोन केलता. तुमच्या अंगावर पाणी उडालेलंसुद्धा सांगितलं." मग म्हणाला, "त्या संध्याकाळी मी आईला फोन केला, तर कारण न सांगता पोटभर हसत होती. म्हटलं, राहू दे हिला इथंच."

आक्का तिच्याच घरात, तिच्याच अंथरुणात गेली.

मशीन सन्मतीनं मला दिलं. आता ते बेळगावात, आमच्या मोरीत आहे. इथंही नळाला फडकं आहेच, पण टाकीच्या पाण्याला जोर आहे. बटण दाबलं की बघता बघता भरतं आणि फिरायला लागतं. रविवारी मी ते लावतो, पाट टाकतो, बसतो न बसतो तोच घरघर सुरू. बायको विचारते, पाटावर बसून काय राखण करताय... गेल्या रविवारी मी तोटी जवळजवळ बंद केली, नुसती करंगळीएवढी धार ठेवली, आणि दुसरा पाट शेजारी ओढून घेतला.