तो कुठल्या दिवशी येतो?

खोडरबर बाई अकरा वर्षं एका गायकाच्या तोंडून बोलत होत्या, आणि त्या गायकाला त्यांनी एकदाही समोरासमोर पाहिलं नव्हतं.

खोडरबर हे ऑफिसात पडलेलं नाव. गाण्याबजावण्याच्या एका साप्ताहिकात त्या प्रुफं तपासायच्या. ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत त्या संपादकांचीही गय करत नसत, तेव्हा हे नाव पडलं आणि चिकटलं. दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ त्यांचं टेबल. खाली छापखाना. मशीन सुरू झालं की कपातला चहा थरथरायचा आणि बाई बशी कपावर झाकून ठेवायच्या. गाण्यातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. मोठा आवाज तर सहनच व्हायचा नाही. घरी नवरा-बायको दोघंच. नवरा चष्म्याच्या काचा घासायचा, आणि दिवसभर बारीक नजरेचं काम करून आलेली ही दोघं संध्याकाळी एकमेकांशी फार बोलत नसत, पण बसत जवळजवळ.

त्या सुमारास एक रॉक बँड गाजायला लागला. चार जण होते, म्हणून चाहते त्यांना नुसतं 'चौघे' म्हणायचे. साप्ताहिकाकडे चौघांसाठी पोतंभर पत्रं यायला लागली. संपादकांनी बँडच्या मॅनेजरशी बोलून एक सदर सुरू केलं: चाहत्यांनी विचारायचं, चौघांनी उत्तरं द्यायची. तीन आठवडे उत्तरं आली. चौथ्या आठवड्यात आलीच नाहीत. पान कोरं, खाली मशीन तयार. संपादक बाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले की एवढ्या आठवड्यापुरतं तुम्हीच काहीतरी लिहा.

त्या आठवड्याची अकरा वर्षं झाली.

लोक विचारायचे तरी काय काय. ड्रमर झोपेतसुद्धा काठ्या आपटतो का? गाताना मधेच शिंक आली तर गायक काय करतो? पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर कोपऱ्यात एकच बूट दिसतो, तो कुणाचा, आणि दुसरा कुठे गेला? बाईंचा हात सुरुवातीला अडखळायचा. पुढे सरावला. कुणाची मान खाली जाईल असं काही लिहायचं नाही, एवढं पथ्य त्यांनी पाळलं. बेस गिटार वाजवणाऱ्याला त्यांनी लिफ्टची भीती देऊन टाकली. ड्रमरला कार्यक्रमाआधी उकडलेले बटाटे लागायला लागले. गायकाला मात्र काय द्यावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी त्याला स्वतःचं बालपण दिलं. ते सगळ्यात सोपं गेलं. उत्तरांमधली गायकाची आई म्हणजे बाईंची आईच होती.

पत्रांच्या ढिगात एक अक्षर पुन्हा पुन्हा यायचं. नावं दर वेळी वेगळी, शाई कधी निळी कधी काळी, पण प्रश्नचिन्हाचा आकडा इतका मोठा की तो खालच्या ओळीत लोंबायचा. प्रूफ तपासणाऱ्या डोळ्यांतून असं अक्षर सुटत नाही. हे अक्षर फक्त गायकाचं बालपण विचारायचं. तू डाव्या हाताने जेवायचास का? अंधाराला भ्यायचास का? ताप आला की आई काय करायची? कोणीतरी एकटी म्हातारी असेल असं समजून बाईंनी ती पत्रं वेगळी बांधून ठेवली होती, आणि इतरांपेक्षा तिचे प्रश्न त्या जरा जास्त वेळा घ्यायच्या. तापाच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं होतं की आई गार पाण्यात बुडवलेला चमचा माझ्या मिटल्या डोळ्यांवर उपडा ठेवायची.

ते छापून आलं त्याच्या पुढच्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला, एक बाई जिना चढून आली. साठीच्या घरातली, बारीक, हात कोपरापर्यंत लालसर. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुवायचं काम करते, असं तिने आपणहून सांगितलं. संपादक अजून आलेले नव्हते. बाईंनी तिला खुर्ची दिली. ती टेकली, पण पाठ टेकली नाही.

"ताई, तो इथे कुठल्या दिवशी येतो?" तिने विचारलं.

"कोण?"

"गाणारा. उत्तरं लिहायला येत असेल ना. मी त्याची आई."

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. लाँड्रीवाली मात्र अनेक वर्षं मनात घोळवलेलं बोलावं तशी, न थांबता, हळू आवाजात बोलत राहिली. नवरा गेला तेव्हा मूल तीन वर्षांचं होतं. त्याच वर्षी तिला छातीचं दुखणं निघालं आणि दोन वर्षं दवाखान्यात काढावी लागली. मुलाला थोरल्या बहिणीने नेलं. बरी होऊन ती घ्यायला गेली, तेव्हा बहीण दारातच म्हणाली की तो आता मला आई म्हणतो, त्याला पुन्हा उपटू नकोस. ती परतली. बहीण दरवर्षी एक फोटो धाडायची; मुलगा दहाचा झाला आणि फोटोही थांबले, पत्ताही बदलला. पुढे एकदा दुकानाच्या काचेत रेकॉर्डचं वेष्टन दिसलं. चार चेहऱ्यांत एक चेहरा थेट तिच्या नवऱ्याचा होता. तेव्हापासून ती नावं बदलून त्याला पत्रं लिहीत होती.

"मला वाटायचं, विसरला असेल," ती म्हणाली. "पण चमच्याचं त्याने लिहिलं. मीच ठेवायचे तो. त्याला सगळं ठाऊक आहे, ताई."

बाईंनी टेबलावर पसरलेल्या प्रुफांकडे पाहिलं. पुढच्या अंकाची उत्तरं होती, त्यांच्याच हातची. त्यांना एकच वाक्य बोलता आलं: तो इथे येत नाही. मग निरोप तरी पोचवा, असं तिने विनवलं. आई लाँड्रीत आहे, दुपारी चारला सुटते, एवढंच सांगा. ती गेली. मशीन सुरू झालं, चहा बशीत सांडला, आणि त्यांना ते दिसलंही नाही.

संपादकांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाले. हे बाहेर गेलं तर साप्ताहिकाचं तोंड काळं होईल, तेव्हा निरोप दिला असं सांगून मोकळ्या व्हा. घरी नवऱ्याने काच घासता घासता सगळं ऐकलं. त्याने बराच वेळ फडक्याला हात पुसले. "आधी त्याला सांग," तो म्हणाला. "तिला नंतर. निदान तिला सांगताना हातात काहीतरी असेल."

सल्ला शहाणपणाचा वाटला.

चौघे एका जुन्या फर्निचरच्या गोदामात सराव करायचे. मुलाखत तपासून घ्यायची आहे अशी थाप मारून बाईंनी मॅनेजरकडून पत्ता काढला आणि गुरुवारी तिच्या पत्रांचं बंडल पिशवीत घालून गेल्या. आतल्या आवाजाने पत्र्याचं दार थडथडत होतं. तो थांबेपर्यंत त्या बाहेर एका खोक्यावर कानावर हात ठेवून बसून राहिल्या.

गायक त्यांच्या कल्पनेपेक्षा चांगलाच बुटका निघाला. गळ्याभोवती मफलर, नाकावर चष्मा. त्याने स्वतः खुर्ची आणून दिली. कुठल्या सदराबद्दल बोलताय ते त्याला आधी कळेना.

"ते अजून चालू आहे?" तो म्हणाला. "आम्हाला वाटलं केव्हाच बंद झालं."

अकरा वर्षं ज्याच्या वतीने 'मी' म्हणून लिहिलं, त्याला त्याचा पत्ताच नव्हता. कोपऱ्यातून बेस वाजवणारा पुढे आला आणि म्हणाला, म्हणजे लिफ्टचं तुम्ही उठवलंत होय; गावोगावच्या हॉटेलांत मला तळमजल्यावरची खोली देतात, का ते आज कळलं. सगळे हसले. गायकही हसला. त्या हसण्याने बाईंना धीर आला, आणि तिथेच त्यांनी चूक केली.

"तुमच्या आई आल्या होत्या ऑफिसात," त्या म्हणाल्या.

"आई? तिने मला सांगितलं नाही."

"त्या नाही. तुम्ही तीन वर्षांचे असताना ज्यांनी तुम्हाला बहिणीकडे ठेवलं, त्या."

ड्रमर वाकून कसलासा स्क्रू आवळत होता. तो तसाच थांबला.

"कुणाला ठेवलं?" गायकाने विचारलं.

लाँड्रीवाली म्हणाली होती, त्याला सगळं ठाऊक आहे. पण ते तिला कशावरून वाटलं होतं? बाईंच्या चमच्यावरून. हे इतकं सरळ होतं, आणि शब्दाशब्दाची कानामात्रा पाहणाऱ्या बाईंच्या ते लक्षात आलं नव्हतं. त्यांनी तोंडावर हात घेतला. गायक त्यांच्याकडे बघत होता, पण त्याचा चेहरा कुठेतरी आत निघून गेला होता.

"मला एक मावशी होती म्हणे," तो म्हणाला. "मी लहान असतानाच वारली."

माय मरो आणि मावशी उरो, असं लोक म्हणतात. इथे मायलाच मावशी करून मारून टाकलं होतं.

त्याने बंडल मागून घेतलं आणि एका स्पीकरवर बसून एकेक पत्र वाचलं. बाकीचे तिघे बाहेर गेले. शेवटी त्याने विचारलं की चमच्याचं कुठून आलं. माझी आई करायची, बाईंनी सांगितलं.

"म्हणजे यातलं माझं काहीच नाही."

"नाही."

"आणि ती हे वाचून जगत होती," तो म्हणाला, आणि चष्मा काढून बसला. मग त्याने त्यांना जायला सांगितलं, अगदी सभ्यपणे.

त्याच दिवशी चारला बाई इस्पितळाच्या मागच्या दाराशी पोचल्या. आता एक तरी गोष्ट खरी सांगायची, असं त्यांनी ठरवलं होतं. वाफेने भरलेल्या खोलीत लाँड्रीवाली चादरीच्या घड्या घालत होती. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: उत्तरं कुणाची, आठवणी कुणाच्या, गोदामात काय झालं. तिचे हात थांबले नाहीत. टोकाला टोक लावून तिने तीन चादरी संपवल्या.

"पण चमचा मी खरंच ठेवायचे," ती म्हणाली.

"हो."

"इतकी वर्षं त्याला मी ठाऊक नव्हते, तरी तो माझ्याशी बोलत होता. आता ठाऊक झाले, तर गप्प बसणार." तिने चौथी चादर उचलली. "तुम्ही जा, ताई. पुन्हा येऊ नका."

बाई घरी आल्या आणि नवऱ्यापाशी बसल्या. त्याने काय झालं ते विचारलं, ऐकलं, आणि आपण दिलेला सल्ला आठवून त्या दिवशी तोही जेवला नाही.

पुढच्या आठवड्यात चौघांचे दोन कार्यक्रम रद्द झाले. गायकाचा घसा बसला, अशी बातमी आली. लगेच पत्रांचा पूर आला: घसा कशाने बसला, गरम पाणी पितो का, पुन्हा गाईल ना? संपादकांनी उत्तर मागितलं. बाईंनी लिहिलं ते असं: या सदरातली अकरा वर्षांची उत्तरं माझी आहेत, चौघांची नाहीत, मी माफी मागते. स्वतःचं नाव खाली घातलं, आणि संपादकांची नजर पडण्याआधी पान खाली पाठवून दिलं.

अंक बाहेर पडला आणि एकच गहजब झाला. फसवणूक, विश्वासघात, शरम नाही का. शिव्यांनी पोतं भरलं. एका मुलीने लिहिलं की ड्रमर खातो म्हणून मी पाच वर्षं परीक्षेआधी उकडलेले बटाटे खाल्ले, आता मी काय करू? बाईंना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. सदर बंद झालं. संपादक महिनाभर त्यांच्याशी कागदावर लिहून बोलले, आणि त्या चिठ्ठ्यांमधले ऱ्हस्वदीर्घ बाईंनी दुरुस्त केले नाहीत.

गोदामातल्या त्या गुरुवारनंतर बाराव्या दिवशी ऑफिसातला फोन वाजला. पलीकडे एक म्हातारा, खणखणीत आवाज होता. तुम्हीच का त्या, एवढं विचारून आवाज थांबला. ती थोरली बहीण होती.

बाई शिव्या खायला तयार होऊन उभ्या राहिल्या. पण शिव्या आल्या नाहीत. तो दहाचा झाल्यावर सांगायचं होतं, ती म्हणाली. मग पंधराचा, मग लग्नाच्या वेळी. दरवेळी जीभ टाळ्याला चिकटायची. शेवटी मावशी मेली असं सांगून टाकलं, म्हणजे प्रश्नच नको. आता मुलगा घरात आहे, पण तिच्या हातचं खात नाही. काल त्याने धाकटीचा पत्ता मागितला.

"आणि मला माझ्या सख्ख्या बहिणीचा पत्ता माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत असेल तर द्या. मी त्याला घेऊन जाते. एकटा नाही पाठवणार."

बाईंनी लाँड्री सांगितली, मागचं दार सांगितलं, चारची वेळ सांगितली.

तीन आठवड्यांनी पुन्हा तिचाच फोन आला. कशाला केला ते तिलाही नीट सांगता येत नव्हतं. बहुधा हे ऐकू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं. तिघं दारापाशीच भेटली. धाकटी त्याला अहो-जाहो करत होती. नको म्हणाला तरी तिच्या तोंडातून 'तू' निघेना. तो आता गुरुवारी जातो, दोघं इस्पितळाच्या कट्ट्यावर बसतात, फारसं बोलत नाहीत. घरी परवा त्याने अर्धी पोळी खाल्ली.

"पण त्या दिवशी तिने आधी त्याच्याकडे पाहिलंच नाही," थोरली म्हणाली. "मला वाटलं, आता मारतेच ही मला. तर माझा हात धरला आणि म्हणाली, तू इतकी वाळलीस कशी?"

बाईंनी दुसऱ्या कानावर हात ठेवला. खाली मशीन धडधडत होतं आणि दोघींपैकी कुणीच फोन ठेवत नव्हतं.