दोन बोटं जादा कापड

गजूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका नवरीच्या आईशी ब्लाउजच्या गळ्यावरून हुज्जत घालत होते. त्यांचा भाऊ म्हणाला, "ताई, आपला गजू गेला... सकाळी उठलाच नाही." सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात आधी आले ते चौदा ब्लाउज. आता ते कापणार कोण?

कारण मेहकरात माझी म्हणून जी फिटिंग नावाजली, ती गजूभाऊंची होती.

धाड गावात त्यांचं स्वतःचं दुकान होतं. मग डोक्याचा आजार झाला, कानात आवाज यायला लागले. एक दिवस शटर उघडं टाकून कुठच्या कुठे चालत गेले. उपचारांनी बरे झाले, पण गिऱ्हाईक परत आलं नाही. पुढे चिखलीत एका टेलरकडे लागले, तर गोळ्यांनी दुपारी डोळा लागतो म्हणून त्यानं काढून टाकलं. माझ्याकडे आले तेव्हा मी तोऱ्यात म्हटलं, "सकाळी कापा, दुपारी पडा घटकाभर. मले काय त्याचं!" केवढे उपकार केले असं वाटलं होतं मला. फक्त मध्ये एक फुलाफुलांचा पडदा लावला. बायका मापाचा जुना ब्लाउज देऊन जायच्या, मी तो पडद्याआड सरकवायचे. अशी सहा वर्षं गेली.

त्यांच्या एका सवयीवर मी सारखी चिडायचे. "काऊन एवढं कापड आत सोडता हो? शिलाई जाड दिसते."

"ताई, बाईचं अंग बदलते. उसवून मोठा करता आला पाह्यजे. चांगला ब्लाउज काऊन फेकावा?"

त्यांनी माझ्याकडे एकदाच काही मागितलं. "ताई, बाहेर मशीनवर बसू का? कोनाले काही करत नाही मी."

"मले ठाऊक आहे हो. पन गिऱ्हाईक... लगीनसराई होऊ द्या."

"हाव," म्हणाले आणि कात्री उचलली. त्यानंतर तीन लगीनसराया झाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

परवा एक शिक्षिका नवा ब्लाउज परत घेऊन आल्या. "ताई, पह्यलेसारखी फिटिंग नाही राह्यली." माझ्या तोंडून पटकन निघालं, "चष्म्याचा नंबर वाढला ना माझा!" त्या गेल्या आणि माझं लक्ष पडद्याकडे गेलं. मेल्यावरही मी त्या माणसाला पडद्याआडच ठेवलं. आग लागो माझ्या जिभेला.

पडदा मी त्याच दिवशी काढला. आत त्यांचं स्टूल आहे, खडू आहे, गोळ्यांचा डबा आहे... आता बाहेर कुणाला बसवू?

म्हणून इथे लिहिते. माझ्याकडे शिवलेला ब्लाउज घरात असेल, तर त्याची बाजूची शिलाई थोडी उसवून बघा. आत दोन बोटं जादा कापड सापडलं, तर तो गजूभाऊंनी कापलेला आहे. मी एवढं कापड कधीच सोडत नाही.