म्हातारीचं चोर-बटण

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही, तुम्ही हसणारच. तेव्हा तोंडातला चहा तरी गिळून घ्या, माझा शर्ट पांढरा आहे.

तर माझ्याकडे एक मोटरसायकल आहे. साडेतीनशे सीसीची, वयानं माझ्याहून मोठी. आम्ही तिला म्हातारीच म्हणतो. मूळची ती मनमाडच्या अहिरेकाकांची. काका रेल्वेत फिटर होते, माझ्या वडिलांचे जिवलग मित्र. त्यांच्या अंगणात शेवग्याखाली ती दहा वर्षं गंजत उभी होती. मी मागितली. काकांनी आधी सीटवरचा पाला झाडला. मग म्हणाले, "ने. पण चालू झाली की मला बोलवायचं. माझ्यासमोर, तुझ्या किकनं चालू करून दाखवायची. नाय झाली, तर म्हातारी माघारी. हितं नुसती उभी राहिली तरी मला चालंल."

आमच्या इथल्या द्वारका चौकाच्या मागे इक्बालभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी आठ महिने खपून इंजिन पार शेवटच्या नटापर्यंत खोललं आणि परत बांधलं. पहिल्यांदा ते धडधडलं तेव्हा आम्ही दोघे बापे गळ्यात गळे घालून उभे होतो.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी अक्कल चालवली.

एवढी देखणी गाडी कुणी चोरून नेली तर? म्हणून एका वायरिंगवाल्याकडून सीटखाली चोर-बटण बसवून घेतलं. म्हणजे छुपं बटण. ते बंद असलं की किल्ली लावा, किक मारा, नाहीतर पुढे उभं राहून आरती करा, गाडी सुरू होणार नाही. वायरिंगवाला म्हणाला, "हे दाबलं की चालू." पुढेही तो काहीतरी सांगत होता, पण नेमका मला फोन आला. शेवटचं तेवढं ऐकलं: "आणि हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. मेकॅनिकलाही नाही."

मी शब्दाचा पक्का! बायकोलासुद्धा नाही सांगितलं.

गाडी वायरिंगवाल्याच्याच माणसानं घरी आणून लावली. दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐटीत बसलो, हळूच सीटखाली हात घालून बटण दाबलं आणि किक मारली.

काही नाही. दुसरी मारली. दहावी. चाळिसावी! बुटाचा तळ सुटला, पण म्हातारी ढिम्म.

इक्बालभाई धावत आले. ते प्लग काढायला वाकले तसं मी मागून गुपचूप बटण दाबलं. दर वेळी दाबावं लागतं, अशी आपली माझी समजूत.

"सर, करंट तर मस्त येतोय," इक्बालभाई म्हणाले, प्लग बसवला, आणि एका किकमध्ये म्हातारी सुरू!

ते गेले. संध्याकाळी मी बटण दाबलं, किक मारली. पुन्हा ढिम्म. पुन्हा फोन, पुन्हा इक्बालभाई, पुन्हा माझं गुपचूप बटण, पुन्हा त्यांची एक किक. हे महिनाभर चाललं हो! प्लग बदलला, कार्बोरेटर तीनदा साफ केला. मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे इक्बालभाईंना विद्युतपरिपथावर एक व्याख्यानही दिलं. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं.

"सर, राग मानू नका. तुम्ही बोलला ते सगळं बरोबर. पण किक मारायच्या आधी तिच्याशी दोन शब्द गोड बोलता का?"

आणि मी बोलायला लागलो! पार्किंगमध्ये, इकडे तिकडे बघून, "चल गं माझी बाई" वगैरे. उपयोग शून्य. वॉचमन मात्र माझ्याशी जरा जपून वागायला लागला.

अखेर काकांना आधीच सांगून ठेवलेला रविवार उजाडला. पंच्याहत्तरीतला माणूस मनमाडहून पॅसेंजरनं आला, डोक्याला मफलर गुंडाळून. इक्बालभाईही आले होते. काकांनी टाकीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "मार."

मी बटण दाबलं. तीस किका मारल्या. घामानं निथळलो.

"उतर," काका म्हणाले. "मी बघतो."

मी रुमालानं सीट पुसल्यासारखं करत त्यांच्यासाठी बटण दाबलं. काकांनी गुडघा धरून अर्धीच किक मारली, आणि म्हातारी गरजली! काकांचे डोळे भरून आले.

"वळखलं रे तिनं मला!"

मग गाडी बंद करून म्हणाले, "आता तू." मी बटण दाबलं. ढिम्म. पुन्हा काका बसले, पुन्हा मी सीट पुसली. धडधडधड!

वॉचमननं चक्क हात जोडले. इक्बालभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, काही गाड्या असतात अशा. पहिला मालक सोडत नाहीत."

"पोरा, हिचं मन रमत नाय इथं," काका म्हणाले. "मी नेतो हिला."

आठ महिने खपून उभी केलेली माझी म्हातारी! पण काय करणार? पाणावल्या डोळ्यांनी मी "न्या काका" म्हणालो. पटलंच होतं मला, विज्ञान गेलं खड्ड्यात.

एवढ्यात मेधा, म्हणजे आमची सौ., चहा घेऊन खाली आली.

"अहो, एक विचारू? मी वरून गॅलरीतून बघतेय. तुम्ही सारखं सीटखाली हात घालून काय करताय?"

"कुठे काय!"

"आत्ता चार वेळा घातलात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय करता, सांगावं लागलं. इक्बालभाईंनी जमिनीवर आडवं होऊन सीटखाली बघितलं आणि बटण दोनदा टकटक दाबलं.

"सर," ते पडल्यापडल्याच म्हणाले, "हे बॉलपेनसारखं आहे. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. ते आधीपासून चालूच होतं. तुम्ही बसला की बंद करता, दुसरा बसला की चालू करून देता!"

म्हणजे महिनाभर गाडी चोरांसाठी अगदी तयार उभी होती. अडवला होता तो फक्त मालक!

सगळे पोट धरून हसले. काका सोडून.

"म्हंजी... तिनं मला वळखलं नाय?"

खरं सांगतो, ते बटण उपटून फेकावंसं वाटलं. माझ्या मूर्खपणापायी म्हाताऱ्या माणसाचा एवढा आनंद पाण्यात गेला. मी म्हटलं, "काका, तुम्ही न्याच. मनापासून सांगतो."

"आधी मार एकदा. हात न घालता."

मारली. पहिल्या किकला सुरू! काका डोळे मिटून ऐकत राहिले.

"तोच आवाज हाय," ते म्हणाले. "फाटकापाशी हा आवाज आला की तुझी काकू चहा टाकायची." मग डोळे पुसून म्हणाले, "महिनाभर तू तिला बंद करून लाथा घातल्यास, पण तिनं एकदाबी तुला उलटी किक दिली नाय. माझा तर पहिल्याच साली पाय मोडला होता. लय माया हाय तिची तुझ्यावर. राहू दे हितंच."

बंद इंजिन उलटी किक देऊच शकत नाही, हे बारावीचं पोरगंही सांगेल. मी बोललो नाही. तेवढी अक्कल एव्हाना आली होती.

काकांनी गाडी बंद करून किल्ली काढली तसा मी हात पुढे केला. काकांनी तो बाजूला सारून किल्ली मेधाच्या हातात ठेवली. "सूनबाई, तू सांभाळ."

तेव्हापासून दर रविवारी मेधा म्हातारीला एका किकमध्ये सुरू करते आणि आम्ही गंगापूर धरणापर्यंत जाऊन येतो. मला मागे बसायची परवानगी आहे. फक्त दोन्ही हात तिच्या खांद्यावर ठेवायचे, तिला दिसतील असे.