शाल आबांकडे, नारळ नानांकडे

रविवारी आमच्या गावात सत्कार होता आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

सत्कार होता एका निवृत्त राजदूत मॅडमचा. सुदुंबऱ्याच्या पुढचं आमचं छोटं गाव त्यांचं आजोळ. दूतावासातली ज्युनिअर अधिकारी ते राजदूत, आणि निवृत्तीनंतर राज्याच्या एका आयोगाचं काम... एवढी मोठी कारकीर्द मला थोडक्यात सांगायची होती.

मी चौथीपर्यंत अम्मीकडे घरीच शिकले. चारचौघांत बोलायचं म्हटलं की अजूनही हात गार पडतात. देशांची नावं चुकू नयेत म्हणून आरशासमोर पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली.

नावं नीट आली... घोळ भलतीकडेच झाला.

सत्कार ठेवला होता आमच्या वाचनालयाने. ते चालतं गावातल्या आबांच्या खोलीत. पुस्तकांची कपाटं नानांनी दिलीत. शेताच्या बांधावरून दोघांचं कितीतरी वर्षं बोलणं बंद. शाल-श्रीफळ कुणाच्या हस्ते द्यायचं, ते कमिटीने 'ऐनवेळी बघू' म्हणून सोडून दिलेलं. एकाला मान दिला तर दुसरा रुसणार. म्हणजे खोली तरी जाणार, नाहीतर कपाटं तरी.

सत्काराची वेळ आली. आबांनी ताटातली शाल उचलली. नानांनी नारळ. कुणी हातातलं सोडेना...

"नाव घे की पोरी," आबा म्हणाले. "आमी काय हितं शोभंला उभं हाय?"

"व्हय, घे," नाना म्हणाले. "बघू कुणाचं घेतीस."

मी उगाच हातातला कागद उलटून पाहिला. तेवढ्यात मॅडम उठल्या आणि माझ्या हातातला माइक त्यांनी अलगद घेतला.

"आम्हा राजदूतांतही हाच प्रश्न असतो बरं का! मोठ्या देशाचा आधी की छोट्याचा? म्हणून नियमच आहे, त्या राजधानीत जो आधी रुजू झाला, त्याला पहिला मान. नकाशावर शोधावा लागेल अशा एका देशाच्या राजदूतामागे मी निमूट चाललेय. तर मग सांगा, आज इथे सगळ्यात आधी कोण आलं?"

आबांनी शाल छातीशी धरली. नानांनी नारळ.

बायकांतून नानांच्या घरच्या मावशी ओरडल्या, "ही शमाच आलती की! सतरंज्या हिनंच घातल्या. आमच्या ह्यांची तर तवा आंघोळबी न्हवती झाली!"

सगळा हॉल हसला. नानासुद्धा...

आबांनी शाल माझ्यापुढे धरली. "घाल आता, बघत काय ऱ्हायलीस?" नानांनी वर नारळ ठेवला. मी मॅडमना शाल पांघरली, नारळ दिला, आणि किती वेळाने श्वास सोडला!

खाली आले तर नाना म्हणाले, "शाल जरा तिरकीच पडली."

"व्हय, डावीकडं लय लोंबत हुती," आबा म्हणाले.

आपण कुणाला उत्तर दिलं, हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं असावं. दोघांनीही घाईघाईने माना फिरवल्या...

सोमवारी वाचनालय उघडलं. खोली जागेवर, कपाटंही जागेवर. मॅडम, तुमची कारकीर्द मी आठवडाभर पाठ करत होते. तुम्ही इतकी वर्षं तिकडे काय करत होतात, ते मला रविवारी समजलं. मनापासून आभार.